सभागृह म्हणजे नाट्यगृह नव्हे

महानगरपालिकांच्या कायद्यात कर्तव्यांच्या दोन याद्या आहेत. पहिली बंधनकारक कर्तव्यांची. पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण ही सारी तिच्यात येतात. दुसरी यादी ऐच्छिक कर्तव्यांची, म्हणजे पैसा आणि इच्छा असल्यास करावयाच्या कामांची. सार्वजनिक करमणुकीची सोय आणि नाट्यगृहांची उभारणी या दुसऱ्या यादीत आहे. २०११ साली परभणीची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली आणि हा कायदा शहराला लागू झाला. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार भरली. तीन लाखांच्या या शहरातील रंगभूमीची कहाणी ही त्या दुसऱ्या यादीचीच कहाणी आहे. जे ऐच्छिक असते ते सत्ताधाऱ्यांच्या इच्छेवर चालते, आणि ज्यांचा दबाव नाही त्यांच्याविषयी सत्ताधाऱ्यांना सहसा इच्छा होत नाही.

नगरपालिकेच्या काळातील नटराज रंगमंदिर हे परभणीचे नाट्यगृह. देखभालीअभावी त्याची दुरवस्था होत गेली, ते बंद पडले, आणि मराठवाड्यातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण वर्षानुवर्षे नाट्यगृहाविना राहिले. नव्या नाट्यगृहाची घोषणा, निधीची मंजुरी, भूमिपूजन, रेंगाळलेले बांधकाम या सर्व अवस्था शहराने यथाक्रम पाहिल्या. मधल्या काळात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी परभणी केंद्रावर होत राहिली, हौशी संस्था जिद्दीने नाटके बसवीत राहिल्या आणि मिळेल त्या सभागृहात ती करीत राहिल्या. ‘सभागृह आहे ना, मग नाटक करा की’ असे उत्तर या कलावंतांना अनेकदा ऐकावे लागले असेल. हे उत्तर देणाऱ्याला बहुधा सभागृह आणि नाट्यगृह यांतील फरक ठाऊक नसतो. तो कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतो, म्हणून तो येथे जरा सविस्तर मांडला पाहिजे.

सभागृह भाषणासाठी बांधलेले असते. तेथे एक व्यासपीठ, त्यावर खुर्च्यांची रांग आणि एक ध्वनिक्षेपक एवढे पुरते. व्यासपीठ दहाबारा फूट खोल असले तरी पाहुणे त्यावर मावतात. नाटकाला याच्या दुपटीहून अधिक खोली लागते, आणि तेवढीच महत्त्वाची असते ती प्रेक्षकाला न दिसणारी जागा. दोन्ही बाजूंच्या विंगांत नट उभा राहतो, पुढच्या अंकाचे सामान तेथे थांबते, प्रयोग सांभाळणारा माणूस तेथे बसतो. विंग नसली की नटाला प्रवेश करता येत नाही. तो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत चालत येतो, आणि लेखकाने लिहिलेला धक्का चालता चालताच संपतो. रंगमंचावर पुरेशी उंची लागते, कारण दिवे वरून टांगावे लागतात आणि पडदे वर जावे लागतात. सभागृहाचे छत पंख्याच्या सोयीने ठरलेले असते.

दिव्यांचे गणित आणखी कठीण आहे. जुन्या पद्धतीचा रंगमंचीय दिवा एक हजार वॅटचा असतो. साध्यासुध्या प्रकाशयोजनेला असे वीस दिवे घेतले तरी वीस किलोवॅटचा भार होतो. पंखे आणि ट्यूबलाइट यांच्या हिशेबाने घेतलेल्या वीजजोडणीवर हा भार टाकला की फ्यूज जातो, आणि तो नेमका दुसऱ्या अंकात जातो. जमीन शहाबादी फरशीची असली तर नेपथ्याच्या चौकटीला आधार देणारा खिळा मारता येत नाही. नाट्यगृहाच्या रंगमंचाला लाकडी फळ्या असतात त्या याचसाठी, आणि नाचणाऱ्याच्या गुडघ्यांसाठीही. प्रेक्षागाराची जमीन उतरती नसेल तर सातव्या रांगेतल्या माणसाला सहाव्या रांगेतल्या माणसाचे डोके दिसते. भिंती गुळगुळीत आणि छत सपाट असेल तर प्रत्येक शब्द घुमून पुढच्या शब्दावर आदळतो. भाषणात हे खपते, कारण वक्ता तेच वाक्य तीनदा बोलतो. नाटकात वाक्य एकदाच बोलले जाते.

रंगपटाविषयी तर बोलण्याचीच सोय नाही. आरसा, दिवा, पाण्याचा नळ आणि कडी लागणारे दार असलेली स्त्रियांची वेगळी खोली, तिला जोडून स्वच्छतागृह, आणि प्रेक्षकांत न मिसळता रंगमंचावर जाता येईल असा मार्ग, ही काही चैन नव्हे. आपली मुलगी नाटकात काम करील की नाही हे लहान गावातील आईबाप नाटकाच्या संहितेवरून ठरवीत नाहीत. कपडे बदलायला जागा कुठे आहे, तालीम किती वाजता सुटते आणि घरी सोडायला कोण येणार, यावरून ते ठरवितात. स्त्रीपात्रविरहित एकांकिकांची परंपरा आपल्याकडे का टिकली याचा शोध घेणाऱ्याने समाजाच्या सनातनीपणाबरोबर इमारतींचे नकाशेही पाहावेत.

या अडचणींचा परिणाम प्रयोगापुरता राहत नाही. दोन खुर्च्या आणि एक काळा पडदा एवढ्यावर भागेल असेच नाटक लिहिण्याची सवय लेखकाला लागते. वीस माणसांचे नाटक कोणी लिहीत नाही. लिहिले तर ते बसत नाही. शेतमजुरांचा तांडा, मोर्चा, बाजार, पंगत हे ज्या प्रदेशाचे जीवन आहे त्या प्रदेशाच्या नाटकात घराची एक खोली तेवढी उरते. परभणीच्या मातीतून तयार झालेला कलावंत मग गाव सोडून पुण्यामुंबईला जातो. संकर्षण कऱ्हाडे यांच्यासारखा परभणीचा नट आज मराठी रंगभूमीवर सर्वांना परिचित आहे, याचा शहराला सार्थ अभिमान वाटतो. पण मुंबईचे नाटक आपल्या गावी आणावयाचे तर ते कोठे करावयाचे, या प्रश्नाला शहराने दीर्घकाळ धड उत्तर दिले नाही.

मराठवाड्याच्या वाट्याला हे दैन्य आजचे नाही. १९०० च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड हा लोहमार्ग सुरू झाला, परभणी त्यावर आले आणि बाहेरचे जग दाराशी आले. परंतु त्या जगातील सगळ्याच गोष्टी गाडीतून उतरू शकत नव्हत्या. निजामी राजवटीच्या गश्ती क्रमांक ५३ ने सार्वजनिक सभांना पूर्वपरवानगीची अट घातली. चार माणसे एकत्र येऊन काही बोलू लागली की सरकारला संशय येत असे. अशा राज्यात उत्सव, कीर्तन आणि मेळे हीच माणसांनी एकत्र येण्याची मोकळी ठिकाणे होती. मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूर येथे नाटक कंपन्यांच्या आश्रयाने आणि संस्थानिकांच्या औदार्याने थिएटरे उभी राहत होती. कोल्हापूरचे पॅलेस थिएटर १९१५ चे. हेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले; ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. ती हळहळ योग्यच होती. परंतु ज्या गावांना जळण्यासारखे नाट्यगृहच कधी मिळाले नाही त्यांच्याविषयी कोणी हळहळत नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. विकासाच्या अनुशेषाची भाषा त्यानंतर सुरू झाली. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष आकड्यांत मांडला. त्या अहवालाचे मोल मोठे आहे. मागास भागाला भीक नको, हिशेब हवा, ही दृष्टी त्याने दिली. पण त्या हिशेबात ग्रंथालय, नाट्यगृह, कलादालन यांचा रकाना नव्हता. जे मोजले गेले नाही ते मागताही आले नाही. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. या सव्वीस वर्षांतही तो रकाना उघडला गेला नाही. मराठवाड्याच्या प्रश्नावर लढणाऱ्या चळवळींनी, त्यांत समाजवादीही आले, ही मागणी क्वचितच लावून धरली. सिंचनाच्या एका कालव्यापुढे नाट्यगृहाची मागणी करणे त्यांना संकोचाचे वाटले असावे.

हा संकोच समजण्यासारखा आहे. त्यामागचा आक्षेपही प्रामाणिक आहे. ज्या शहरात नळाला दिवसांच्या अंतराने पाणी येते, ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या करतो, तेथे नाटकाच्या इमारतीवर कोट्यवधी रुपये घालावेत काय? या प्रश्नाला हसून उत्तर देता येणार नाही. दुष्काळाच्या वर्षी टँकरचा पैसा नाट्यगृहाकडे वळवा असे कोणी म्हणाले तर त्याला विरोधच केला पाहिजे. परंतु हा आक्षेप कोणाविरुद्ध घेतला जातो तेही पाहावे. स्वागतकमानी, सुशोभीकरण, व्यापारी गाळे यांच्या वेळी पाण्याची आठवण निघत नाही. ती ग्रंथालयाच्या आणि नाट्यगृहाच्या वेळी निघते. पाण्याचा आणि नाटकाचा पैसा एकमेकांच्या विरोधात उभा करणारे लोक सहसा दोन्ही देत नाहीत. शिवाय घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत, पाणीपुरवठ्याबरोबर सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हाही विषय नमूद आहे.

दुसरा आक्षेप चळवळीच्या घरातलाच आहे, आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. नाट्यगृह ही मध्यमवर्गाची हौस. जनतेची कला चौकात, जत्रेत, देवळापुढे वाढली, तिला भिंती कशाला, असे अनेक कार्यकर्ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गावोगावच्या मैदानांत हजारो माणसे जागी केली. सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले यांच्यासारखा नट घडला, त्यासाठी कोणी वातानुकूलित प्रेक्षागृह बांधले नव्हते. परभणीचे राजारामभाऊ कदम यांचा गोंधळ अंगणात आणि मंडपात रंगला. त्यांचे नाव लोककलेच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे.

तथापि उघड्यावर खेळणे ही जशी निवड होती तशी ती सक्तीही होती, हे विसरता कामा नये. जलसेकार गावकुसाबाहेर गात होते ते त्यांना खुले आकाश अधिक आवडत असे म्हणून नव्हे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक झाले, आणि तेच नाटक १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी अफाट जनसमुदायापुढेही झाले. मैदानासाठी बंद रंगमंच सोडावा लागला नाही आणि रंगमंचासाठी मैदानही सोडावे लागले नाही. दोन्ही हक्काने मिळाली पाहिजेत, एवढाच मुद्दा आहे.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळला दामोदर नाट्यगृह चालविले. गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार तेथे प्रेक्षक होता, नट होता आणि लेखकही होता. कोकणातून आलेल्या मंडळांचे प्रयोग तेथे झाले. कामगार रंगभूमी नावाची जी वस्तू मराठीत झाली तिला छप्पर मिळाले ते अशा ठिकाणी. म्हणजे नाट्यगृह श्रमिकांचे होऊ शकत नाही हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ते दर, वेळ, ठिकाण आणि व्यवस्थापन यांवर अवलंबून आहे. २०२३ च्या अखेरीस दामोदर नाट्यगृहही पुनर्विकासासाठी बंद झाले आणि कलावंतांना त्यासाठी आंदोलन करावे लागले, हेही ध्यानात घ्यावे. गिरण्या गेल्या, मागोमाग गिरणी कामगाराची बसण्याची जागाही गेली.

परभणीच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हे शहर अनेक समाजांचे आहे. येथे मराठीइतकीच उर्दूही कानावर पडते. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांची माणसे येतात. आंबेडकरी चळवळीचे हे एक जागते ठाणे आहे. १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीला भरले तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी नारायण सुर्वे होते. फुटपाथवर वाढलेला, गिरणीत राबलेला कवी मराठवाड्याने मानाने बसविला. डिसेंबर २०२४ मध्ये याच शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद आणि दंगल झाली, पोलिसांची धरपकड झाली आणि न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या दिवसांनंतर शहरातील माणसे एकमेकांशी काय बोलली? मोर्चे निघाले, निवेदने गेली, विधिमंडळात चर्चा झाली. ती सर्व आवश्यक होती. पण मोर्च्यात माणूस आपल्या बाजूच्या माणसाबरोबर चालतो. परक्या गल्लीतल्या माणसाचे दुःख दोन तास गप्प बसून ऐकावयाचे, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकावयाचे, याची सवय लावणारी जागा शहरात असावी लागते. मुशायरा, जलसा, गोंधळ, प्रायोगिक नाटक ही एकाच रंगमंचावर वेगवेगळ्या संध्याकाळी होणे ही राष्ट्रीय एकात्मतेवरील पुष्कळ व्याख्यानांहून उपयोगी गोष्ट आहे.

इमारत झाली की प्रश्न सुटला, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. महाराष्ट्रातील नगरपालिकांची नाट्यगृहे बांधली न गेल्यामुळे जेवढी मेली नाहीत तेवढी बांधल्यानंतर मेली. शासन बांधकामाला अनुदान देते, कारण त्याला कोनशिला असते. देखभालीला कोनशिला नसते. पहिल्या तीनचार पावसाळ्यांत छत गळू लागते, खुर्च्यांचे कापड फाटते, ध्वनियंत्रणा बिघडते, वीजबिल थकते, आणि एक दिवस ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लागते. छत्रपती संभाजीनगरचे संत एकनाथ रंगमंदिर हे मराठवाड्यातील मोठे नाट्यगृह. तेही दुरवस्थेमुळे काही वर्षे बंद ठेवावे लागले होते. महानगरपालिकेची ही अवस्था तर लहान नगरपालिकांनी काय करावे? सेलूसारख्या तालुक्याच्या गावी साई नाट्यमंदिर आहे, म्हणून सेलूत कार्यक्रमांची रहदारी आहे. गंगाखेड, जिंतूर, पाथरी, मानवत, पूर्णा, सोनपेठ, पालम येथील मुलांनी एकांकिका कोठे करावी याचे उत्तर शाळेचे पटांगण हेच आहे, आणि पावसाळ्यात तेही नाही.

भाड्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. लग्न, वाढदिवस, सत्कार आणि पक्षांचे मेळावे यांच्यासाठी भाडे भरणारे पुष्कळ मिळतात. म्हणून नाट्यगृहाच्या तारखा त्यांना जातात आणि हौशी संस्थेला मधल्या वारचा, दुपारचा वेळ मिळतो. काही पक्ष तर भाडेही भरीत नाहीत. सत्तेत असलेल्यांचे मेळावे ‘शासकीय’ ठरतात, विरोधकांचे ‘लोकहिताचे’. डाव्या आणि समाजवादी संघटनांनीही नाट्यगृहे स्वस्तात वापरली आणि खिळे ठोकलेल्या भिंती मागे ठेवल्या, हे कबूल केले पाहिजे. नाट्यगृहात सभा घेऊ नये असे नाही. पण नाटकासाठी राखलेली तारीख सभेसाठी मोडली जाऊ नये, हा नियम आपल्या सभांपासून पाळावा लागेल.

वेळेचेही असेच. जिल्ह्याची सत्तर टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे. रात्री साडेनऊचा प्रयोग बारा-साडेबाराला सुटतो आणि तोवर खेड्याकडे जाणारी शेवटची एस. टी. केव्हाच गेलेली असते. मुंबईचा रात्रीचा प्रयोग मुंबईच्या लोकलवर उभा आहे. परभणीने तो जसाच्या तसा उचलण्याचे काही कारण नाही. दुपारी चारचा प्रयोग, बाजाराच्या दिवशीचा प्रयोग, शाळांसाठी सकाळचा प्रयोग, हे येथे अधिक चालेल. अशा वेळी खेड्यातील स्त्रीसुद्धा प्रेक्षक होऊ शकेल. आज ती नाटक फक्त दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहते.

तेव्हा शहरातील आणि तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी काही गोष्टी नेमकेपणाने मागितल्या पाहिजेत. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात नाट्यगृहाच्या देखभालीचे स्वतंत्र शीर्ष असावे आणि ती रक्कम दुसरीकडे वळविता येऊ नये. नकाशा आणि यंत्रसामग्री पसंत करताना स्थानिक दिग्दर्शक, प्रकाशयोजनाकार आणि रंगपट सांभाळणारे कामगार यांचे लेखी मत घ्यावे. इमारत झाल्यावर त्यांना उद्घाटनाचे निमंत्रण देऊन भागणार नाही. स्थानिक हौशी संस्था, लोककलावंत आणि शाळा यांच्यासाठी भाड्याचा वेगळा, नाममात्र दर असावा. तालमीसाठी एक साधी खोली वर्षभर खुली असावी. एका प्रयोगाला पंचेचाळीस दिवस तालीम लागते, आणि ती आज कोणाच्या तरी गच्चीवर, शेजाऱ्यांची बोलणी खात होते. तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून निदान एक छताखालचा खुला रंगमंच, पुरेशी वीजजोडणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह एवढे व्हावे.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीपूर्वी या मागण्या लेखी द्याव्यात, आणि त्या देणाऱ्या शिष्टमंडळात कलावंतांबरोबर हमालांची, शिक्षकांची आणि शेतमजुरांची संघटना असावी. कलावंत एकटे गेले तर त्यांना चहा मिळतो आणि पुढच्या उत्सवात कार्यक्रम करण्याचे निमंत्रण मिळते. नाट्यगृहाच्या तारखांची नोंदवही कोणालाही पाहता येईल अशी दर्शनी ठिकाणी ठेवावी, ही मागणी त्या यादीत विसरू नये. तिला एक पैसाही खर्च येत नाही, म्हणून तिला सर्वाधिक विरोध होईल.